अंतर एकशे त्र्याऐंशी मैल, वजन अठ्ठावन्न

“जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, मधलं अंतर मी सांगतो,” असं भानुदास म्हणायचा. कुणी नावं घेतली नाहीत तर स्वतःच घ्यायचा. घरी जेवायला आलेल्या पाहुण्याच्या पानात दुसरी पोळी पडायच्या आत न्यूअर्क ते नागपूर किती मैल आणि किती तास हे त्याला कळलेलं असायचं. भात येईपर्यंत वाऱ्यामुळे येताना आणि जाताना किती फरक पडतो तेही कळायचं. ताकापर्यंत पाहुणे सहसा टिकत नसत.

यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. १९९६ साल होतं. रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नकाशांच्या सीडीवर काम करत होता. त्या सीडीत दोन गावांवर क्लिक केलं की अंतर आणि विमानाचा वेळ दाखवणारं जे बटण होतं, ते भानुदासचं होतं. एकट्याचं. बटण करड्या रंगाचं आणि नखाएवढं होतं, पण तो त्याच्याविषयी बोलायला लागला की यानं धरणच बांधलंय असं ऐकणाऱ्याला वाटायचं.

एकदा सासूबाई नागपूरहून फोनवर म्हणाल्या, “अमेरिकेतच राहता ना तुम्ही? मग पिस्कॅटवेच्या सुवर्णाला लोणच्याची बरणी तेवढी देऊन या एखाद्या संध्याकाळी.” रेडमंड ते पिस्कॅटवे चोवीसशे मैल! भानुदास पंधरा दिवस हसत होता. ऑफिसात, बसमध्ये, किराणा घेताना, दिसेल त्याला सांगत होता. त्याची बायको शीला तेव्हा काहीच बोलली नाही. शीला अशा गोष्टी जपून ठेवायची.

शीलाची चुलत बहीण हर्षिता डॉक्टर होती आणि अलास्कात, पार उत्तरेला, कॉट्झब्यू नावाच्या गावातल्या दवाखान्यात काम करत होती. वय एकतीस. तिच्यासाठी स्थळ बघायचं काम नागपूरकरांनी शीलावर सोपवलं होतं आणि शीलानं ते कपड्यांच्या घड्यांसारखं एकेक करून चालवलं होतं. एका रविवारी भानुदास आंघोळ करून थेट स्वयंपाकघरात आला. अंगावर टॉवेल, हातात फूटपट्टी.

“शीला, धम्मदीप!”

“कोण धम्मदीप?”

“माझा हॉस्टेलमधला ज्युनियर गं. सिव्हिल इंजिनियर. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून काम करतो. तो कुठे असतो माहितेय? अलास्कात. नोमला.” त्यानं भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. “नोम ते कॉट्झब्यू. बघ. एक इंच.”

“नकाशात एक इंच.”

“एकशे त्र्याऐंशी मैल. छोट्या विमानानं एक तास. पुण्याहून लोणावळ्याला गेल्यासारखं. सकाळी जायचं, पोहे खायचे, संध्याकाळी परत.”

“रस्ता आहे का?”

“रस्ता कशाला हवा? विमान आहे ना.”

शीलाला आईची लोणच्याची बरणी आठवली.

मुलगा चांगला होता, त्यात वाद नव्हता. दोघांना एकमेकांचे फोटो गेले, दोघांनी होकार-नकार न देता “बघू” म्हटलं. प्रश्न आला तो कोणी कुणाकडे जायचं याचा. तो हर्षितानं एका वाक्यात सोडवला.

“ताई, आजवर सहा मुलगे आमचं घर बघून गेले,” ती शीलाला फोनवर म्हणाली. “कपाटं किती, संडास कुठे, गच्ची आहे का, सगळं बघितलं. मुलाचं घर कुणी बघितलं? ह्या वेळी मी जाणार. पोहे मी नेते, करायचे त्यानं. आणि ऐक, हा शेवटचा. हे जमलं नाही तर ह्यापुढे स्थळाचं नाव काढायचं नाही. काढलंस तर मी तुझाही फोन उचलणार नाही.”

हर्षिता बोलल्याप्रमाणे वागते, हे शीलाला लहानपणापासून माहीत होतं.  भानुदासला मात्र त्याची काळजी नव्हती. त्यानं तारीख काढली: शनिवार, तेरा एप्रिल. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल, म्हणजे बाबासाहेबांची जयंती. रेडमंडच्या कम्युनिटी हॉलमध्ये आपल्या लोकांचा कार्यक्रम होताच. भानुदासनं कार्यक्रमाची पत्रिका छापणाऱ्या अनुपला फोन करून एक ओळ वाढवून घेतली: ‘भानुदास यांच्याकडून आनंदाची बातमी.’

“अहो, अजून भेटलेसुद्धा नाहीत ते,” शीला म्हणाली.

“एक तासाचं अंतर आहे,” भानुदास म्हणाला, जणू आनंद मैलांतच मोजतात.

मग त्यानं धम्मदीपला फोन लावला. आन्सरिंग मशीन लागलं. “धम्मदीप, भानुदासदादा बोलतोय. ठरलं बरं का. तेरा तारीख, शनिवार. सकाळी दहाची फ्लाइट. एक तास. पोहे, गप्पा, संध्याकाळी परत. दाढी कर.”

मराठीची एक मोठी सोय आहे. कर्ता गाळला तरी वाक्य अडत नाही. कोण जाणार, कोण येणार, पोहे कोणाच्या घरचे, यातलं काहीही न सांगता भानुदासनं पूर्ण निरोप दिला आणि फोन ठेवला. संध्याकाळी धम्मदीपचा उलट निरोप मशीनवर आला: “दादा, सगळी व्यवस्था केली.” घर झाडलं असणार, असं भानुदासनं मानलं.

आता तिकीट. कॉट्झब्यूहून नोमला जाणारं नऊ सीटचं विमान एक छोटी कंपनी चालवायची. फोनवरच्या बाईनं नाव लिहून घेतलं, तारीख घेतली आणि विचारलं, “पॅसेंजरचं वजन?”

भानुदास दचकला. “वजन? कशाला?”

“छोटं विमान आहे, सर. सगळ्यांचं वजन धरूनच सामान चढवतो.”

विमानाचा वेळ सांगणारं बटण बनवताना हा मुद्दा त्याच्या ध्यानात आला नव्हता. त्यानं दवाखान्यात फोन केला. हर्षिता पेशंट तपासत होती. तेव्हा त्यानं रिसेप्शनिस्टकडे निरोप ठेवला: डॉक्टर ज्या मुलाला बघायला जाणार आहेत, त्याच्या भेटीसाठी डॉक्टरांचं वजन ताबडतोब कळवावं. रिसेप्शनिस्टनं तो वेटिंग रूममधल्या चौदा पेशंटांच्या देखत, खिडकीतून मान काढून, आत ओरडून पोचवला.

दहा मिनिटांत फोन वाजला.

“भाऊजी,” हर्षिताचा आवाज बर्फासारखा होता, “आपल्यात पत्रिका बघत नाहीत. हुंडा घेत नाहीत. ह्या गोष्टींचा आपल्या आईवडिलांना केवढा अभिमान आहे. आणि तुमच्या इंजिनियरला माझं वजन पाहिजे?”

“त्याला नको गं, विमानाला पाहिजे.”

“विमानानं पसंत केलं नाही तर?”

भानुदासनं सगळं समजावलं. दोनदा. शेवटी ती म्हणाली, “अठ्ठावन्न,” आणि फोन ठेवला. भानुदासनं घाम पुसला, विमानवाल्या बाईला पुन्हा फोन लावला आणि म्हणाला, “फिफ्टी एट.”

“फिफ्टी एट?” बाई म्हणाली.

“हो. बारीक आहे ती.”

इथे शीला जवळ असती तर बरं झालं असतं. ती हातवारे करत “किलो, किलो” म्हणाली असती. पण ती कपडे धुवायला खाली गेली होती. अमेरिकेत माणसांना पौंडात मोजतात आणि अठ्ठावन्न पौंड म्हणजे दुसरीतली मुलगी.

बाईचा आवाज एकदम मऊ झाला. “एकटीच येणार का ती?”

“एकटीच.”

“नोमला तिला घ्यायला कोण येईल?”

“धम्मदीप म्हणून एक जण आहे.”

“त्याचं तिच्याशी नातं?”

भानुदास खरं बोलणारा माणूस होता. “अजून काही नाही,” तो म्हणाला. “भेटल्यावर ठरेल.”

तिकडे कागदावर पेन भराभर चालल्याचा आवाज आला. “ती त्याला ओळखते?”

“फोटो पाठवलाय.”

“थँक यू, सर,” बाई म्हणाली. भानुदासला वाटलं, किती आस्थेनं चौकशी करतात हे लोक.

शनिवारी सकाळी तो कोरा शर्ट घालून फोनजवळ बसला. घड्याळाप्रमाणे हर्षिता उडाली, घड्याळाप्रमाणे उतरली. पहिला फोन आला तो धम्मदीपचा.

“दादा, पोचलो.”

“शाब्बास. दिसली का?”

“नाही ना. इथे फक्त काउंटरवरची बाई आहे आणि एक बॅग आहे. बॅगेवर हर्षितांचं नाव आहे. दादा, बॅगच पाठवायची होती का?”

“तू आहेस कुठे?”

“कॉट्झब्यूला. दहाची फ्लाइट म्हणालात ना? मुलगाच जातो मुलीकडे, मी आणखी काय समजणार? रविवारचा जयंतीचा हार अर्धा टाकून निघालो मी. दाढीसुद्धा केली.”

भानुदासनं फोनवर हात ठेवला आणि शीलाकडे पाहिलं. शीलानं सगळं ऐकलं होतं.

“दोन्ही विमानं दहाला सुटली,” तो पुटपुटला. “वेग सारखा. म्हणजे साडेदहाला, साडेएक्याण्णव मैलांवर, ते भेटले. तांत्रिकदृष्ट्या.”

“काही बोलले का?” शीलानं विचारलं.

बॅगेचं कोडं नंतर उलगडलं. कॉट्झब्यूच्या काउंटरवरची बाई हर्षिताला ओळखत होती, हर्षितानंच मागच्या महिन्यात तिला इंजेक्शन दिलं होतं. तिनं यादीतले अठ्ठावन्न पौंड पाहिले, हर्षिताला पाहिलं, पोट धरून हसली, पेननं आकडा एकशे अठ्ठावीस केला आणि वजन जास्त झालं म्हणून हर्षिताची बॅग उतरवून घेतली. पोहे त्याच बॅगेत होते. फक्त ही दुरुस्ती तिनं नोमला कळवली नाही.

दुसरा फोन नोमहून आला. आवाज जाड आणि सरकारी होता. तो ट्रूपर होता, म्हणजे तिकडचा पोलीस.

“सर, आमच्याकडे कागद आहे. एक लहान मुलगी एकटी विमानात बसली. तिला घ्यायला अनोळखी इसम येणार होता, म्हणून मी हजर राहिलो. विमान उतरलं. मुलगी नाही. पायलटनं सीटखाली पाहिलं, शेपटाकडच्या सामानात पाहिलं. घेणारा इसमही फरार आहे. सर, मुलगी हवेत गेली कुठे?”

“ती तिथेच आहे,” भानुदास ओरडला. “मोठी आहे ती. डॉक्टर आहे. किलो, साहेब, किलो!”

“कोण किलो?”

मागून हर्षिताचा आवाज ऐकू आला. “भाऊजी, मी चाळीस मिनिटं ह्यांना सांगतेय की मीच ती मुलगी. हे म्हणतात, वजन जुळत नाही. तरीही माझ्या हातात टेडी बेअर दिलाय. गळ्यात कार्ड अडकवलंय. ‘एकटं प्रवास करणारं मूल.’ सही करून ताब्यात घेणारा आल्याशिवाय मला सोडता येत नाही म्हणतात. कुठाय तुमचा इंजिनियर?”

भानुदासनं सांगितलं. 

“म्हणजे तो माझ्या गावात आहे,” हर्षिता म्हणाली, “आणि मी त्याच्या.”

“संध्याकाळच्या फ्लाइटनं त्याला परत पाठवतो. एकच तास.”

एकच तास झाला नाही. दुपारी समुद्रावरून धुकं आलं आणि दोन्ही गावं झाकून टाकली. विमानं बंद. ट्रूपरनं शेवटी स्वतःच सही करून हर्षिताला ताब्यात घेतलं आणि धम्मदीपच्या घरी नेऊन सोडलं. नोममध्ये दाराला कुलूप लावायची फारशी पद्धत नव्हती. कॉट्झब्यूत काउंटरवरच्या बाईनं धम्मदीपला हर्षिताच्या क्वार्टरमध्ये पोचवलं, बॅगेसकट.

शीला सोफ्यावर बसली. “संपलं,” ती म्हणाली. “शेवटचा होता तो. वजन विचारलं, पोलिसात दिलं, टेडी बेअर दिला. आता ती आयुष्यभर माझ्याशी बोलायची नाही.” तिचे डोळे भरले. भानुदासला पहिल्यांदाच कुठलाही आकडा सुचेना.

त्यानं माफी मागायला नोमला फोन लावला. एंगेज. कॉट्झब्यूला लावला. एंगेज. अर्ध्या तासानं पुन्हा लावला. दोन्ही एंगेज. संध्याकाळी, दोन्ही एंगेज. रविवारी सकाळी, दोन्ही एंगेज.

“लाइनी तुटल्या,” त्यानं जाहीर केलं. “वादळ असणार.” त्यानं टेलिफोन कंपनीला कळवलं. त्यांनी लाइनी ठीक असल्याचं सांगितलं. मग तर तो पुरता घाबरला. दोन्ही घरांत, एकाच वेळी, रिसीव्हर खाली पडलेला, म्हणजे दोघांचंही बरंवाईट झालं? त्यानं ट्रूपरला फोन करून घरी जाऊन बघायची विनंती केली. ट्रूपरचा तासाभरानं फोन आला. “बाई ठीक आहेत. फोनवर बोलत होत्या. मला म्हणाल्या, बूट बाहेर काढा.”

“कोणाशी बोलत होत्या?”

“मला भाषा समजली नाही. हसत होत्या.”

शीलानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे बघितलं. ज्या माणसाला दोन विमानतळांमधलं सगळं समजतं, त्याला दोन एंगेज फोनांमधलं काही समजू नये, याचं तिला नवल वाटलं.  तिनं तेही जपून ठेवलं.

संध्याकाळी जयंतीच्या कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली आणि अनुपनं माइकवर पुकारलं, “आता भानुदास यांच्याकडून आनंदाची बातमी.” चाळीस कुटुंबं माना वर करून बघू लागली. भानुदास माइकपाशी गेला, खाकरला आणि त्यानं अलास्कातल्या धुक्याविषयी बारा मिनिटं माहिती दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कुणाला कळलं नाही, पण आपली माणसं सांभाळून घेतात.

सोमवारी हर्षिताचाच फोन आला.

“ताई, ठरलं.”

“काय ठरलं?” शीलानं विचारलं.

“लग्न. अगं, परवा मी ह्याच्या घरात शिरले तेव्हा इतकी चिडले होते. मीठ सापडेना म्हणून माझ्याच नंबरवर फोन लावला. तर हा माझ्या सिंकखाली आडवा. माझा पाइप सहा महिने गळत होता, यानं दुरुस्त केला. मग म्हणाला, तुमचे पोहे भिजवलेत, फोडणीत काय घालू? मग बोलतच राहिलो. मी ह्याचं सगळं घर बघितलं, ताई. एकेक कप्पा. हा नव्हता ना, त्यामुळे नीट बघता आलं. नोमला एप्रिलमध्ये फुलं कुठून मिळणार? कागदाची फुलं करून हा बाबासाहेबांच्या फोटोसाठी हार ओवत होता. अर्धाच झाला होता. काल मी पुरा केला आणि घातला. तिकडे ह्यानं माझ्याकडच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. दोघांनी फोनवरच वंदना म्हटली.”

“आणि भेटलात कधी?”

“अजून नाही भेटलो,” हर्षिता म्हणाली. “धुकं आहे ना. पण आता त्याची एवढी घाई नाही.”

भानुदासनं त्याच दिवशी सगळ्यांना फोन करून सांगितलं की हे लग्न आपण जमवलं. जूनमध्ये नोमला मंगल परिणय ठरला. भानुदासनं नवा सूट शिवला आणि आठ पानांचं भाषण लिहिलं, त्यात अंतराचा उल्लेख अकरा ठिकाणी होता. मुलीकडची माणसं म्हणून तो आणि शीला आधी कॉट्झब्यूला गेले. तिथून नवरीला घेऊन सकाळच्या विमानानं नोमला जायचं, दुपारी लग्न. तिकिटं हर्षितानं काढली होती. त्या वेळी तिनं दवाखान्यातून फोन करून शांतपणे विचारलं होतं, “भाऊजी, वजन?”

ऑफिसात चार जण जवळ उभे होते. भानुदास म्हणाला, “एकाहत्तर किलो.” किलो त्यानं तीनदा सांगितलं.

काउंटरवर काटा होता. तो भानुदासला फोनवर दिसला नव्हता. काट्यानं एकशे पंच्याऐंशी पौंड दाखवले, म्हणजे चौऱ्याऐंशी किलो.

“तेरा किलो जास्त,” बाई म्हणाली. “काहीतरी उतरवावं लागेल.” नवरी उतरवता येईना. शीलाकडे नवरीचे कपडे होते. दवाखान्याच्या दोन नर्सेस साक्षीदार होत्या. पायलट लागणारच होता. सगळ्यांनी एकदम भानुदासकडे पाहिलं.

“दुपारच्या फ्लाइटनं ये. एकच तास तर आहे,” शीला म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती.

दुपारी धुकं आलं. भानुदासनं ती रात्र हर्षिताच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये काढली. पाइप कुठेही गळत नव्हता. त्यानं नोमला फोन लावून बघितला, एंगेज होता. दुसऱ्या दिवशी बारा वाजता, एकशे त्र्याऐंशी मैल सव्वीस तासांत कापून, सुटाच्या खिशात आठ पानं घेऊन तो नोमला उतरला. लग्न कालच, अगदी वेळेवर आटोपलं होतं. भाषण नसल्यानं जेवणं गरम मिळाली, असं नर्सेस म्हणत होत्या.

विमानतळावर धम्मदीप, हर्षिता, ट्रूपर आणि शीला घ्यायला आले होते. हर्षितानं पुढे येऊन त्याच्या गळ्यात हारासारखं काहीतरी घातलं. त्यानं खाली वाकून वाचलं. ‘एकटं प्रवास करणारं मूल.’ ट्रूपरनं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं शीलापुढे कागद धरला. तिनं ताबा घेणाऱ्याच्या जागी सही केली. पुढे नात्याचा रकाना होता. तिथे ती जरा थांबली, नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, चौऱ्याऐंशी किलो मनात धरले, आणि लिहिलं: ‘भेटल्यावर ठरेल.’